विश्लेषण : वीज परत आली, मग इंटरनेट का आले नाही? राउटरमधील एका छोट्या फाइलवर गावाचे किती काम अडते?

जुलैचा शेवटचा आठवडा. खरीप पीक विम्याची मुदत संपत आलेली. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या नांदूरघाटमध्ये सेवा केंद्रापुढे सकाळपासून शेतकऱ्यांची रांग. रात्री पावसात तीन तास लाइट गेली होती, पहाटे ती परत आली. राउटरचे दिवे हिरवे आहेत, फायबर तुटलेली नाही, बिलही भरलेले आहे. तरीही संगणकावर एकही पान उघडत नाही. केंद्रचालक यंत्र दोनदा बंद-चालू करतो, काही फरक पडत नाही. ‘काल रात्रीपर्यंत तर चालू होते, मध्ये कोणी हातही लावला नाही,’ असे सगळेच सांगतात आणि ते खरेही असते.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण मराठवाड्यातील कोणत्याही गावाला तो परका वाटणार नाही. अशा वेळी दोष बहुधा वायरीला किंवा यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण वेगळेच असते. काही आठवड्यांपूर्वी तंत्रज्ञाने राउटरमध्ये एक बदल केलेला असतो, तो लगेच लागू होऊन कामही सुरू झालेले असते. फक्त तो बदल ‘जतन’ करायचे राहून गेलेले असते. लाइट गेली आणि त्या बदलाची आठवणच पुसली गेली. हे कसे घडते, ते कसे टाळता येते आणि गावाने त्यात लक्ष का घालावे, याचा हा आढावा.

कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे नेमके काय?

राउटर, स्विच किंवा वायफायचे यंत्र खोक्यातून काढल्यावर त्याला गावाची काहीच माहिती नसते. कोणत्या पोर्टला तालुक्याहून आलेली फायबर जोडली आहे, कोणत्या पोर्टला ग्रामपंचायत आणि कोणत्या पोर्टला शाळा, प्रत्येकाचा आयपी पत्ता काय, बाहेर जाणारी माहिती कोणत्या दिशेने पाठवायची, कोणाला आत येऊ द्यायचे आणि कोणाला अडवायचे, यंत्रात शिरण्याचा पासवर्ड काय, हे सगळे त्याला सांगावे लागते. या सूचनांची यादी म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल.

बहुतेक व्यावसायिक उपकरणांमध्ये ही साधी मजकूर-फाइल असते. एका ओळीत एक सूचना, अशा काही शे ओळी. तिचा आकार मोबाइलवर आलेल्या एखाद्या सुप्रभात संदेशाच्या चित्रापेक्षाही लहान असतो. पण यंत्र जळाले तर ते नवे आणता येते, ही फाइल हरवली तर गावाच्या जोडणीचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. यंत्र बाजारात मिळते, फाइल मिळत नाही.

चालू फाइल आणि जतन केलेली फाइल वेगळ्या का?

सगळ्या घोटाळ्याचे मूळ इथे आहे. सिस्कोच्या आणि त्याच पद्धतीने चालणाऱ्या अनेक उपकरणांमध्ये एकाच वेळी दोन फाइल असतात. पहिली ‘रनिंग कॉन्फिग’, म्हणजे या क्षणी यंत्र जिच्यानुसार चालते ती. ती रॅममध्ये असते आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. दुसरी ‘स्टार्टअप कॉन्फिग’. ती एनव्हीरॅम नावाच्या, वीज गेल्यावरही मजकूर टिकवणाऱ्या स्मृतीत असते.

यंत्र सुरू होताना आधी रॉममधील छोटा प्रोग्राम जागा होतो. तो फ्लॅश स्मृतीतून यंत्राची मूळ प्रणाली उचलतो. ती प्रणाली स्टार्टअप फाइल वाचते आणि तिची प्रत रॅममध्ये चढवते. तीच त्या दिवसाची रनिंग फाइल. यानंतर तंत्रज्ञ जो बदल करतो तो फक्त रनिंग फाइलमध्ये होतो आणि त्याच क्षणी लागू होतो. तो स्टार्टअप फाइलमध्ये उतरवण्यासाठी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ किंवा जुनी सुटसुटीत ‘राइट मेमरी’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती राहिली, तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना जुनीच फाइल वाचली जाते.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. भावाभावांत तोंडी वाटणी होते, बांध पडतो, दोन-चार वर्षे पेरणीही होते. पण फेरफार झालेला नसतो आणि सातबारा जुनाच राहतो. सगळे गोडीगुलाबीत असते तोवर काही अडत नाही. कर्ज काढायची किंवा मोजणीची वेळ आली की कागद बघितला जातो आणि कागदावर जुनीच स्थिती असते. रनिंग फाइल म्हणजे जमिनीवरचा बांध आणि स्टार्टअप फाइल म्हणजे सातबारा. लाइट जाऊन आली की राउटर सातबारा वाचतो, बांध बघत नाही.

मग अशी दुहेरी रचना ठेवलीच कशाला? कारण तिचा उपयोगही आहे. चुकीचा बदल करून बसलेल्या तंत्रज्ञाला ती परतीची वाट देते. जतन केलेले नसेल, तर यंत्र पुन्हा सुरू करताच चूक पुसली जाते. म्हणून जाणकार माणूस बदल करतो, तपासतो आणि खात्री पटल्यावरच जतन करतो. घाईत काम उरकणारा मात्र ‘चालू झाले’ म्हणून निघून जातो.

सगळ्याच कंपन्यांची पद्धत अशी नाही. लहान इंटरनेट सेवादारांमध्ये लोकप्रिय असलेल्या लाटव्हियाच्या मायक्रोटिक उपकरणांत बदल आपोआप जतन होतो. तिथे विसरण्याची भीती नाही, पण चूकही तितक्याच सहज कायमची होते. ज्युनिपरच्या उपकरणांत बदल आधी कच्च्या प्रतीत लिहिला जातो आणि ‘कमिट’ म्हटल्यावरच लागू होतो. आधीच्या ४९ आवृत्त्या यंत्रातच ठेवून त्यांतील कोणत्याही आवृत्तीवर मागे जाण्याची सोयही त्यात आहे. म्हणूनच यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे, हे आधी माहीत असावे लागते.

हा प्रश्न गावापर्यंत आत्ताच का आला?

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला मंजुरी दिली. तिचे पुढचे नाव ‘भारतनेट’. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारने ‘महानेट’ या नावाने हाती घेतले. या योजनेच्या मूळ रचनेत तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी हे मुख्य यंत्र आणि ग्रामपंचायतीत ओएनटी हे टोकाचे यंत्र असते. ओएनटीला लागणाऱ्या बहुतेक सूचना तालुक्याचे यंत्रच फायबरवरून पाठवते. म्हणजे गावातील खोक्याला स्वतःची अक्कल कमी, हिशेब सगळा तालुक्यात.

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. यात दोन बदल महत्त्वाचे आहेत. पहिला, एकामागे एक अशा सरळ रेषेऐवजी ग्रामपंचायती कड्याच्या आकारात जोडायच्या. एका बाजूची फायबर जेसीबीने तोडली तरी दुसऱ्या बाजूने माहिती यावी, हा हेतू. दुसरा, तालुका आणि ग्रामपंचायत या दोन्ही ठिकाणी आयपी-एमपीएलएस पद्धतीचे राउटर बसवायचे. कामासाठी प्रकल्प व्यवस्थापन संस्था म्हणून बीएसएनएलची निवड झाली असून बांधणीनंतरच्या १० वर्षांच्या देखभालीचाही या कार्यक्रमात विचार आहे.

या दुसऱ्या बदलाचा अर्थ साधा आहे. ज्या ग्रामपंचायतीत असा राउटर बसेल, तिथे त्या गावाची स्वतःची कॉन्फिगरेशन फाइल असेल. कडे तुटलेल्या केबलपासून गावाला वाचवते, चुकीच्या फाइलपासून वाचवत नाही. उलट दोन्ही शेजारच्या गावांच्या राउटरमधील सूचना एकमेकींशी जुळत नसतील, तर कडे कागदावरच राहते. आधीच्या पद्धतीत ‘केजला फोन करा’ एवढ्यावर भागत होते. आता प्रत्येक गावाची फाइल कोणीतरी नीट सांभाळली पाहिजे.

याशिवाय गावात आणखी छोटी यंत्रे असतात. सेवा केंद्राचे वायफाय, शाळेचा स्विच, पतसंस्थेचा राउटर, प्राथमिक आरोग्य केंद्रातील खोके. यांची फाइल ना बीएसएनएल सांभाळते ना महाआयटी. ती ज्याची त्यानेच सांभाळायची असते आणि बहुतेक ठिकाणी ती कोणीच सांभाळत नाही.

जतन केले की काम संपले का?

नाही. जतन केलेली फाइल अजूनही त्याच यंत्रात आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण विजेच्या तारेतून आणि तांब्याच्या नेटवर्क केबलमधून आलेला झटका यंत्र जाळू शकतो. यंत्रासोबत त्यातील दोन्ही फाइल जातात. म्हणून तिसरी प्रत यंत्राबाहेर, शक्यतो गावाबाहेरच्या सर्व्हरवर असली पाहिजे.

ही प्रत असेल तर तंत्रज्ञ त्याच प्रकारचे सुटे यंत्र घेऊन येतो, फाइल चढवतो, तपासतो आणि तासाभरात निघतो. प्रत नसेल तर कोणत्या पोर्टला काय होते, पत्ते काय होते, शेजारच्या गावाशी कोणती जुळणी होती, हे फोनाफोनी करून गोळा करावे लागते. खोके बदलायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, बाकीचा सगळा वेळ माहिती शोधण्यात जातो.

प्रत काढतानाही काही खाचखळगे आहेत. अनुभवी मंडळीही त्यांत अडखळतात.

पहिला खड्डा : जुनी फाइल थेट रनिंग फाइलवर ‘कॉपी’ केली की ती जागा घेईल, असे वाटते. सिस्कोच्या पद्धतीत तसे होत नाही. जुन्या सूचना नव्या सूचनांत मिसळतात आणि मधल्या काळात वाढवलेल्या चुकीच्या ओळी तशाच राहतात. खरोखर जुन्या स्थितीवर जायचे असेल तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही वेगळी आज्ञा आहे.

दुसरा : सगळेच या फाइलमध्ये नसते. काही जुन्या स्विचमध्ये व्हीलॅनची, म्हणजे एकाच वायरीवरून चालणाऱ्या वेगवेगळ्या आभासी जाळ्यांची यादी फ्लॅशमधील वेगळ्या फाइलमध्ये असते. सुरक्षित जोडणीच्या खासगी किल्ल्याही मुख्य फाइलमध्ये दिसत नाहीत. प्रत घेतली म्हणून निश्चिंत राहिलेल्याला हे नेमके यंत्र बदलण्याच्या दिवशी कळते.

तिसरा : मायक्रोटिकमध्ये प्रत घेण्याचे दोन मार्ग आहेत. ‘बॅकअप’ ही बंद पेटीसारखी फाइल त्याच यंत्रासाठी असते. ‘एक्स्पोर्ट’ ही वाचता येणारी मजकूर-फाइल दुसऱ्या यंत्रावर नेताना उपयोगी पडते, पण तिच्यात यंत्रात शिरणाऱ्यांचे पासवर्ड येत नाहीत. दोन्ही ठेवाव्यात.

चौथा आणि सगळ्यांत मोठा : प्रत घेतलेली असते, पण ती कधी चढवून पाहिलेली नसते. पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासतात, तसे वर्षातून एकदा तरी सुट्या यंत्रावर फाइल चढवून ते सुरू होते का, हे बघावे.

बदल करताना आपलाच रस्ता तुटला तर?

गावातील राउटरमधील बदल बहुधा दूर बसून, त्याच फायबरवरून केला जातो. म्हणजे ज्या फांदीवर बसायचे तीच छाटायची. एक ओळ चुकली की राउटर जागेवर असतो, चालू असतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बंद होतो. मग कोणीतरी गाडी काढून गावात जायचे.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले, ते सुमारे सहा तास. कंपनीनेच नंतर सांगितलेले कारण असे : नेहमीच्या देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेने तिच्या डेटा सेंटरना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले आणि अशी चूक अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी प्रणालीतही दोष होता. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने ती बंद पडली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.

८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीचे जाळे कोलमडले. अद्ययावतीकरणाच्या कामात वाटा गाळणारी एक सूचना वितरण राउटरच्या कॉन्फिगरेशनमधून काढली गेली आणि मुख्य राउटरवर वाटांच्या माहितीचा पूर आला. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला, आपत्कालीन क्रमांक आणि कार्डाने पैसे देण्याची सेवाही विस्कळीत झाली. इथेही दुरुस्त करणाऱ्यांचा रस्ता त्याच बंद जाळ्यातून जात होता.

या चुकीवर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ ही सोय आहे. बदल लागू होतो, पण ठरलेल्या वेळेत (वेगळी वेळ न दिल्यास १० मिनिटांत) तंत्रज्ञाने पुन्हा होकार दिला नाही तर यंत्र स्वतःहून जुन्या स्थितीवर जाते. रस्ता तुटला तर होकार देताच येत नाही आणि यंत्र स्वतःच स्वतःला सोडवते. सिस्कोमध्ये काम सुरू करण्याआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवतात. सगळे ठीक झाले तर तो आदेश रद्द करून मग जतन करायचे. रस्ता तुटला तर दहा मिनिटांनी यंत्र आपोआप सुरू होऊन जुनी फाइल वाचते. मायक्रोटिकमध्ये ‘सेफ मोड’ हेच काम करतो. जोडणी तुटली की त्या बैठकीतील बदल मागे घेतले जातात.

महत्त्वाच्या ठिकाणी दुसरा रस्ताही ठेवला जातो. राउटरच्या कन्सोल पोर्टला मोबाइल सिमवर चालणारे छोटे यंत्र जोडायचे. फायबरचा रस्ता बंद पडला तरी मोबाइलच्या रस्त्याने आत शिरता येते.

हजारो फाइल हाताने सांभाळणार कशा?

एका गावाची फाइल तंत्रज्ञ लॅपटॉपवर ठेवू शकतो. तालुक्यातील सगळ्या ग्रामपंचायती धरल्या की ते जमत नाही आणि राज्याचा हिशेब तर दूरच. म्हणून हे काम सॉफ्टवेअरवर सोपवले जाते. ‘रॅन्सिड’ हे जुने आणि ‘ऑक्सिडाइज्ड’ हे त्याची जागा घेण्यासाठी लिहिलेले, अशी दोन्ही मोफत साधने जगभर वापरात आहेत. ऑक्सिडाइज्ड ठरावीक वेळाने, मूळ मांडणीत दर तासाला, प्रत्येक यंत्रात जाऊन फाइल वाचते आणि आधीच्या फाइलशी पडताळते. फरक सापडला तर कोणती ओळ वाढली, कोणती गेली, हे तारखेसह नोंदवते.

याचा उपयोग केवळ प्रत राखण्यापुरता नसतो. ‘कोणी हातही लावला नाही’ या वाक्याची शहानिशा इथे होते. रनिंग आणि स्टार्टअप या दोन फाइलमध्ये फरक उरला असेल, तर तेही पडताळता येते. म्हणजे जतन न केलेला बदल लाइट जाण्याआधीच सापडतो. सुरुवातीचा नांदूरघाटचा प्रसंग एवढ्या एका तपासणीने टळला असता.

पुढची पायरी म्हणजे फाइल हाताने लिहायचीच नाही. सगळ्या गावांसाठी एकच साचा ठेवायचा आणि त्यात गावाचे नाव, पत्ते, पोर्ट एवढेच भरायचे. अशी फाइल यंत्रावर चढवण्यासाठी ‘नेटकॉन्फ’ हा ठराविक नियमसंच २००६ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये सुधारला गेला. यात एक जोखीम मात्र लक्षात ठेवावी लागते. हाताने केलेली चूक एका गावाला नडते, साच्यातील चूक एका दमात साऱ्या तालुक्याला नडू शकते. म्हणून साचा बदलला की आधी एक-दोन गावांत लावून बघायचा, दिवसभर थांबायचे आणि मगच पुढे जायचे.

ही फाइल चुकीच्या हाती पडली तर?

फाइल वाचणाऱ्याला जाळ्याचा पूर्ण नकाशा मिळतो, कित्येकदा पासवर्डही. सिस्कोच्या जुन्या पद्धतीत ‘टाइप ७’ प्रकारे झाकलेला पासवर्ड काही सेकंदांत उलगडता येतो. तो झाकलेला दिसतो, सुरक्षित नसतो. तरीही ‘जरा फाइल टाक ना’ म्हणून ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवली जाते. हे टाळायला हवे.

फाइल पाठवण्याचा मार्गही महत्त्वाचा. टीएफटीपी हा सोपा मार्ग अजून अनेक ठिकाणी वापरला जातो. १९८० च्या दशकातील या नियमसंचात ना पासवर्ड विचारला जातो ना मजकूर झाकला जातो. त्याऐवजी एससीपी किंवा एसएफटीपी वापरावे.

यंत्र भंगारात किंवा जुन्या बाजारात जाते तेव्हाही फाइल त्यातच असते. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये वापरलेले राउटर विकत घेऊन तपासले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालक कंपन्यांची माहिती तशीच सापडली. यंत्र देण्याआधी ते मूळ स्थितीत आणणे हाच त्यावर उपाय.

बदल कोणी केला, याची नोंदही हवी. भारतातील सायबर सुरक्षेची नोडल संस्था सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवादार आणि संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत, नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. घड्याळ चुकीचे असेल तर ‘बदल आधी झाला की लाइट आधी गेली’ हे नोंदीवरूनही कळत नाही.

घरच्या राउटरचे काय? रिस्टार्ट आणि रीसेट एकच का?

नाही, आणि या गैरसमजाचा फटका घरोघरी बसतो. रिस्टार्ट म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे. जतन केलेली फाइल शाबूत राहते. रीसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात पिन घालून काही सेकंद दाबणे. त्याने जतन केलेली फाइलच पुसली जाते आणि यंत्र कारखान्यातून आल्यासारखे होते. वायफायचे नाव-पासवर्ड जातो, तसेच अनेक जोडण्यांमध्ये सेवादाराने दिलेले युजरनेम आणि पासवर्डही जातात. मग लाइनमन येईपर्यंत बसून राहायचे. इंटरनेट बंद पडले की पिन शोधू नये.

अनेक घरगुती राउटरच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोर’ असा पर्याय असतो. त्यातून फाइल उतरवून सुरक्षित जागी ठेवावी. तो पर्याय नसेल तर जोडणीच्या पानाचे फोटो काढून ठेवावेत, सेवादाराचे युजरनेम वहीत लिहावे आणि कारखान्यातून आलेला ‘अॅडमिन’ हा पासवर्ड बदलावा. सेवादाराने दिलेल्या यंत्रांमध्ये काही सेटिंग तो दुरूनच भरतो. तिथे ग्राहकाला सगळे दिसणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

गावाने काय विचारावे?

ग्रामपंचायतीच्या राउटरमध्ये सरपंचांनी किंवा केंद्रचालकांनी हात घालावा, असे कोणी म्हणणार नाही. तो अधिकार देखभाल करणाऱ्या यंत्रणेचा आहे आणि तसाच राहिला पाहिजे. पण विचारण्याचा अधिकार गावाचा आहे. ग्रामसभेत किंवा तंत्रज्ञ आला असताना हे पाच प्रश्न विचारता येतील.

१. गावातील यंत्राच्या फाइलची प्रत यंत्राबाहेर कुठे ठेवली आहे आणि ती शेवटची कधी घेतली?

२. आज केलेला बदल जतन केला का? जाण्याआधी यंत्र एकदा बंद-चालू करून दाखवता येईल का?

३. यंत्र जळाले तर त्याच प्रकारचे सुटे यंत्र तालुक्यात आहे का?

४. फायबरचा रस्ता बंद पडला तर दुरुस्त करणारा यंत्रापर्यंत कसा पोहोचेल?

५. बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची वही किंवा नोंद आहे का?

यातील दुसरा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी. तंत्रज्ञ समोर असतानाच यंत्र बंद-चालू केले, तर पाच मिनिटे सेवा थांबते आणि जतन करायचे राहिले असेल तर तिथल्या तिथे कळते. तीच गोष्ट पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी कळली, तर रांगेतल्या शेतकऱ्याचा हंगाम पणाला लागतो. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी मुले, दाखला काढायला आलेला विद्यार्थी, आरोग्य केंद्रातून डॉक्टरांचा सल्ला घेणारी परिचारिका, हे सगळे त्याच एका यंत्राच्या पलीकडे बसलेले असतात. तंत्रज्ञाला द्यावी लागते ती एक ओळीची आज्ञा. ती दिली की नाही, हे विचारायला मात्र गावात कोणीतरी हवे.